सोलापूरचे वालचंद, कुर्ल्याची मोटार आणि बारडोलीची अरुंद गल्ली

बारडोली : लग्नसराई सुरू झाली की सुरत-धुळे महामार्गावर गाड्यांची रीघ लागते. नवापूर, नंदुरबार, धुळ्याकडची वऱ्हाडं सुरतेच्या दिशेने निघतात, तर उधना, लिंबायत, बारडोलीत संसार थाटलेली खान्देशी मंडळी गावाकडे निघतात. महामार्गावर सगळं सुरळीत असतं. खरी गंमत गाडी बारडोलीच्या जुन्या वस्तीत शिरली की सुरू होते. समोरून तशीच दुसरी गाडी आली तर एकाला मागे जावंच लागतं. आरसे मिटून घ्यायचे, कुणीतरी खाली उतरून हात दाखवायचा आणि वितावितानं गाडी काढायची. गल्ली होती तेवढीच आहे, गाडी मात्र वाढली आहे.

गाड्या दिवसेंदिवस मोठ्या होत चालल्या, असं सगळेच म्हणतात. ते खरं आहे, पण अर्धंच. आपल्या देशात बनवायला घेतलेली मोटार सुरुवातीला मोठीच होती. मग ती लहान झाली, आणि लहान झाली म्हणूनच सामान्य माणसाच्या दारात आली. आता ती पुन्हा मोठी होते आहे. या गोष्टीचा पहिला अध्याय ज्यांनी लिहिला ते सोलापूरचे होते. घराणं मूळचं गुजरातचं, जन्म सोलापूरचा, कामाची जागा मुंबई आणि अखेरचा श्वास पुन्हा गुजरातेत. त्यांचं नाव वालचंद हिराचंद दोशी.

सोलापूरचं गुजराती घर

दोशी कुटुंब सौराष्ट्रातल्या वांकानेरचं. दिगंबर जैन. व्यापारासाठी दक्षिणेकडे आलेल्या अनेक घराण्यांप्रमाणे तेही आधी फलटणला आणि मग सोलापुरात येऊन स्थिरावलं. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा धंदा. वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. आई फार लवकर गेली, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना वाढवलं. वडील हिराचंद नेमचंद व्यापारी असले तरी त्यांना समाजसुधारणेची आणि वाचनाची ओढ होती.

सोलापूर म्हणजे तेव्हाही तीन-चार भाषांचं गाव. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू कानावर पडतच असायची, आणि घरात गुजराती. सीमाभागात वाढलेल्या मुलाला दुसऱ्याच्या भाषेत सौदा करायला वेगळं शिकावं लागत नाही. वालचंद शाळा सोलापुरात शिकले. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले, पण पदवी काही हाती आली नाही. घरी परतले आणि वडिलांच्या धंद्यात बसले. कापूस आणि सावकारी या दोन्हींत त्यांचं मन रमलं नाही. घरच्यांना काळजी वाटावी अशीच ती अवस्था होती.

अडीच फुटांच्या रुळांवर

मार्ग सापडला तो बार्शीला. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फूट रुंदीच्या रुळांवर धावायची. तिचा मार्ग पुढे वाढवायचा होता. रेल्वेतले माजी कारकून लक्ष्मण बळवंत फाटक यांना कामाची खडान्‌खडा माहिती होती, पण हातात भांडवल नव्हतं. वालचंद यांच्याकडे घरचं भांडवल होतं, कामाची माहिती नव्हती. १९०३ च्या सुमारास दोघांनी भागीदारी केली. फाटक आणि वालचंद ही जोडी पुढे रेल्वेची मोठमोठी कामं घेऊ लागली.

या पहिल्या कामात वालचंद यांच्या पुढच्या आयुष्याची रीत ठरून गेली. आपल्याला जे येत नाही ते येणारा माणूस शोधायचा, पैसा उभा करायचा आणि गोऱ्या कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या कामात हात घालायचा. १९२० मध्ये त्यांचा व्यवसाय टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत सामील झाला. बोरघाटातले रेल्वे बोगदे, तानसाहून मुंबईला पाणी आणणारी जलवाहिनी अशी कामं या काळातली. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली, ती आजही चालू आहे.

त्याच्या आधी, १९१९ मध्ये, त्यांनी एक जहाज घेतलं. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं हे जहाज पहिल्या महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरलं गेलं होतं. नरोत्तम मोरारजी यांच्यासह काही व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी एस. एस. लॉयल्टी हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून नव्या कंपनीचा गळा आवळायचा प्रयत्न केला. कंपनी टिकली. ५ एप्रिल हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

१९२८ : बारडोलीत बैल, शिवडीत मोटार

बारडोलीच्या माणसाला १९२८ हे साल सांगावं लागत नाही. सरकारने तालुक्याचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला आणि वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो भरायला नकार दिला. जप्तीवाले येणार म्हणून लोकांनी गुरांसह स्वतःला घरात कोंडून घेतलं. दारं बंद, ओटे ओस. म्हैस आणि बैल हेच शेतकऱ्याचं भांडवल, त्यामुळे जप्तीचा डोळाही त्यांच्यावरच. अखेर सरकारला चौकशी नेमावी लागली, वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली आणि वल्लभभाई सरदार झाले.

त्याच वर्षी बारडोलीपासून रेल्वेने काही तासांवर असलेल्या मुंबईच्या शिवडीत जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने मोटारी जोडायला सुरुवात केली. फोर्डनेही या दशकात हिंदुस्थानात जोडणीचे कारखाने काढले होते. सुटे भाग पेट्यांत भरून जहाजाने यायचे, इथे नटबोल्ट आवळले जायचे आणि गाडी रस्त्यावर. बारडोली आणि शिवडी तेव्हा एकाच मुंबई इलाख्यात होती. आजची राज्यांची सीमा आखली गेली ती १ मे १९६० ला. एकाच इलाख्यात एकीकडे माणसं बैल वाचवायला दारं लावून बसली होती आणि दुसरीकडे मूठभर लोकांसाठी परदेशी मोटारी जोडल्या जात होत्या. मोटार ही तेव्हा संस्थानिक, साहेब आणि बडे व्यापारी यांचीच. ती लांबलचक असायची, आणि तिच्याबरोबर ड्रायव्हर असायचाच.

वालचंद यांना या व्यवहारातली एक गोष्ट खटकत होती. पोलाद, इंजिन, गिअर, रबर सगळं बाहेरून येतं आणि आपल्या माणसाच्या हातात फक्त पाना उरतो. मोटार इथेच घडली पाहिजे, तरच तिच्यामागून लोहार, ओतारी, टर्नर, फिटर यांची कारखानदारी उभी राहील, असा त्यांचा हिशेब होता.

उसापासून विमानापर्यंत

मोटारीआधी साखर आली. १९३३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळ रावळगावचा साखर कारखाना उभा राहिला. पुढे तिथेच गोळ्या-चॉकलेटचं काम सुरू झालं आणि रावळगाव हे नाव शाळकरी पोरांच्या खिशात जाऊन बसलं. १९३४ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात कळंब इथे दुसरा कारखाना झाला. त्या वस्तीचं वालचंदनगर झालं. ओसाड जमिनीवर ऊस, उसावर कारखाना आणि कारखान्याभोवती गाव, हा नमुना महाराष्ट्राने पुढे सहकारातून गिरवला. बारडोलीनेही स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाना काढला आणि तो नावारूपाला आणला. गाळपाच्या दिवसांत नंदुरबार, धुळे, डांगकडून कोयता घेऊन येणारी कुटुंबं बारडोलीच्या फडांत आजही दिसतात.

मोटारीचं स्वप्न वालचंद एकटेच पाहत नव्हते. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तिसाव्या दशकात मोटार कारखान्याचा आराखडा तयार केला होता. त्यासाठी ते युरोप-अमेरिका फिरून आले होते. हे तेच विश्वेश्वरय्या, ज्यांनी तरुणपणी मुंबई इलाख्याच्या नोकरीत धुळे भागात पांझरा नदीवर सायफनचं काम केलं आणि सुरतेच्या पाणीपुरवठ्याचंही काम पाहिलं. या मुलखाला ते परके नव्हते. वालचंद यांनी त्यांच्या योजनेला उद्योगपतीची साथ दिली. मुंबईत १९३७ मध्ये आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अनुकूलता दाखवली. पण १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं, काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजना अधांतरी राहिली.

त्याच वर्षी वालचंद अमेरिकेला जाऊन आले. परतीच्या विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली आणि बोलता बोलता विमान कारखान्याचा विचार पक्का झाला. गेले मोटारीसाठी, आले विमान घेऊन, असंच म्हणायचं. म्हैसूर संस्थानच्या मदतीने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिथे जोडलेलं विमान आकाशात गेलं. १९४१ च्या २१ जूनला विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली.

यातलं त्यांच्या हाती फारसं राहिलं नाही. युद्धाच्या धामधुमीत १९४२ मध्ये सरकारने विमान कंपनीतला त्यांचा हिस्सा विकत घेतला. तीच कंपनी आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स. विशाखापट्टणमच्या कारखान्यातलं पहिलं जहाज जलउषा हे १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं आणि १९५२ मध्ये त्या कारखान्याची सूत्रंही सरकारकडे गेली. पाया एकाने घालायचा आणि घर दुसऱ्याच्या नावावर व्हायचं, हे वालचंद यांच्या वाट्याला एकदा नव्हे, दोनदा आलं.

कुर्ल्यातून निघालेली पाच मीटरची गाडी

मोटारीसाठी त्यांनी अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी करून १९४० मध्ये करार केला होता. सरकार मात्र परवानगी आणि यंत्रसामग्री यांपैकी कशालाच हात लावू देईना. मोटार कारखान्याचा युद्धाला उपयोग नाही, असं सांगून विषय टाळला गेला. सैन्याला ट्रक हवे होते, तेही परदेशी कंपन्यांकडूनच जोडून घेतले गेले. दरम्यान १९४२ मध्ये बिर्लांनी हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी काढली. तिचा पहिला कारखाना गुजरातच्या ओखा बंदरात होता, तो १९४८ मध्ये बंगालमधल्या उत्तरपाड्याला गेला.

वालचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली. तेव्हा ते बासष्टीला आले होते. मुंबईच्या कुर्ल्यात कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होण्याच्या वर्षी, तिथून गाड्या आणि ट्रक बाहेर पडू लागले. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही नावं जुन्या लोकांना अजून आठवतात.

या गाड्यांचं माप बघण्यासारखं आहे. त्या काळातली प्लिमथ जवळपास ५ मीटर लांब होती, तर डॉज त्याहून थोडी जास्त. इंजिन साडेतीन लिटरच्या आसपास. आज महामार्गावर जिला पाहून लोक बाजूला होतात ती टोयोटा फॉर्च्युनर ४.८ मीटरची आहे. म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या वर्षात कुर्ल्यातून निघणारी गाडी लांबीला आजच्या या धिप्पाड गाडीपेक्षाही मोठी होती.

अमेरिकेत तेल मुबलक, रस्ते रुंद, पगार मोठे. तिथल्या मापाची गाडी त्या देशाला शोभत होती. इथे पेट्रोल बाहेरून आणायचं, त्यासाठी परकीय चलन मोजायचं, रस्ते बैलगाडीच्या मापाचे आणि गाडी घेऊ शकणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. कारखाना आपला, पण गाडी दुसऱ्याच्या मापाने शिवलेल्या अंगरख्यासारखी.

माप बदललं, पण ते बघायला मालक नव्हते

हा पेच सोडवायला प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीचा हात धरला. १९५०-५१ च्या सुमारास फियाट ५०० ही चिमुकली गाडी कुर्ल्यात जोडली जाऊ लागली. लांबी सव्वातीन मीटर, इंजिन ५६९ सीसी. डॉजशेजारी उभी केली तर हत्तीशेजारी शेळी. पण शेळी परवडते.

वालचंद यांचं शरीर मात्र थकलं होतं. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कामकाजातून अंग काढून घेतलं. आयुष्यभर एका गाडीतून उतरून दुसरीत बसणारा हा माणूस अखेरची वर्षं दुसऱ्यांच्या आधाराने जगला. पत्नी कस्तुरबाई यांनी शेवटपर्यंत त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. वय ७०. आजोबा-पणजोबांनी सोडलेल्या मुलखात नातवाची अखेर झाली.

त्याच १९५३ मध्ये केंद्र सरकारने एक निर्णय घेतला, ज्यासाठी वालचंद वीस वर्षं झगडले होते. ज्यांच्याकडे गाडी इथेच घडवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच यापुढे धंदा करता येईल, नुसती जोडणी चालणार नाही, असं धोरण ठरलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर आणि हिंदुस्तान मोटर्स राहिल्या. ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस आला, पण वाट पाहणारा गेला होता.

पुढच्या वर्षी, १९५४ मध्ये, फियाट ११०० कुर्ल्यात सुरू झाली. कंपनीची धुरा भाऊ लालचंद हिराचंद यांच्याकडे होती. ही गाडी डॉजइतकी मोठी नव्हती आणि फियाट ५०० इतकी अडचणीचीही नव्हती. तिने देशाचं माप बरोबर पकडलं.

पद्मिनीचा संसार

फियाट ११०० ची रूपं बदलत गेली. १९७० च्या दशकात ती आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली. लोकांनी मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. लांबी ३.९३ मीटर, रुंदी १.४६ मीटर, वजन ९०० किलोच्या आत, इंजिन १०८९ सीसी. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, पुढे बाकासारखी सलग सीट. पुढे तिघं, मागे चौघं, मांडीवर पोरं आणि टपावर कॅरिअर. कागदावर किती जणांची गाडी होती याला फारसा अर्थ नव्हता. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, बागाईतदार यांच्या दारात ती उभी राहिली. मुंबईत तिने काळा-पिवळा रंग लावला आणि शहराची ओळख झाली. गिरणगावात, बंदरावर, रेल्वे स्टेशनाबाहेर लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा जी मोटार आतून पाहिली ती पद्मिनीच.

तिची उणी बाजूही सांगायला हवी. परदेशी स्पर्धा नाही, परवान्याशिवाय उत्पादन वाढवता येत नाही, आणि ग्राहकाने नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली. इटलीत जुनी झालेली गाडी इथे नवी म्हणून विकली जात होती. स्वदेशी कारखाना उभा राहावा म्हणून घातलेलं कुंपण हळूहळू कारखान्याची सवय झालं. वालचंद यांनी मागितलं होतं ते रोप जगवायला कुंपण. झाड मोठं झाल्यावरही ते काढायचं नाही, हा पुढच्या लोकांचा निर्णय.

कुंपण मोडलं ते १४ डिसेंबर १९८३ रोजी, मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली तेव्हा. ही गाडी पद्मिनीपेक्षाही लहान, ८०० सीसीच्या आतली. हलकी, पेट्रोलला सोशिक आणि सकाळी एका किल्लीत सुरू होणारी. शतक संपता संपता पद्मिनीचं उत्पादन थांबलं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि कुर्ल्याच्या गाडीने मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून निरोप घेतला.

चार मीटरची रेघ

मग गाड्या पुन्हा वाढू कशा लागल्या? एक कारण सुरक्षेचं. धडक बसली की पुढचा भाग चेपला जावा आणि आतला माणूस वाचावा, यासाठी बॉनेटला जागा लागते. दारांत पोलादी आडव्या पट्ट्या, एअरबॅग, जाड खांब, सगळ्यांनीच गाडी रुंद आणि वजनदार होते. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना धडक चाचणी सक्तीची झाली. पद्मिनीत हे काहीच नव्हतं, हे जुन्या आठवणीत रमताना विसरून चालत नाही. दुसरं कारण महामार्ग. चारपदरी रस्ता झाला की लोक नंदुरबारहून सुरतेला रेल्वे सोडून गाडीने निघतात, आणि मग सामानाला डिकी, पायाला जागा, एसी हे सगळं हवं असतं. तिसरं कारण कुणी उघड बोलत नाही, ते म्हणजे रुबाब. दारात उंच गाडी उभी असली की सोयरीक जमवणाऱ्याचा सूर बदलतो.

एकाच नावाची गाडीही पिढीगणिक फुगते. २००५ ची मारुती स्विफ्ट ३,६९५ मिलिमीटर लांब होती, आजची ३,८६० आहे. म्हणजे साडेसोळा सेंटिमीटरची भर. साणंदला बनलेली टाटा नॅनो ३.१ मीटरची होती. गरिबाची गाडी म्हणून तिचं कौतुक झालं आणि त्याच शिक्क्यामुळे लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक गाड्या उंच बांध्याच्या एसयूव्ही प्रकारातल्या आहेत.

सरकारने एक रेघ आखली आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा उत्पादन शुल्क कमी केला गेला. तेव्हापासून कंपन्या डिकी छाटून, बंपर आखडून गाडी या रेघेच्या आत बसवतात. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही हीच रेघ कायम राहिली. आतल्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या मोठ्या गाडीला ४० टक्के. गंमत अशी की ३.९३ मीटरची आणि १०८९ सीसीची पद्मिनी आजच्या या व्याख्येत बरोबर बसते. अर्ध्या शतकापूर्वी जी घरातली मोठी वस्तू होती, ती आज कायद्याने लहान गाडी ठरली असती.

गल्लीचा हिशेब

लांबीवर कर आहे, रुंदीवर नाही. आणि गल्लीत अडते ती रुंदीच. आपल्याकडे एकपदरी रस्त्याचं प्रमाण माप ३.७५ मीटर धरतात. दोन पद्मिनी समोरासमोर आल्या तर दोघींची मिळून रुंदी २.९२ मीटर. मध्ये ८३ सेंटिमीटर उरतात, म्हणजे सायकलवाला थांबला तरी चालेल. दोन फॉर्च्युनर आल्या तर बेरीज ३.७१ मीटर. उरतात ४ सेंटिमीटर, तेही आरसे न धरता. वजनाचंही तसंच. पद्मिनी ९०० किलोच्या आत, फॉर्च्युनर दोन टनांच्या वर. बसतात मात्र बहुतेक वेळा तेवढीच माणसं, कधी कधी एकटाच.

आत बसलेल्याला मोठी गाडी सुरक्षित वाटते, आणि बऱ्याच अंशी ती असतेही. पण त्याच गल्लीतून उसाची ट्रॉली जाते, शाळेची पोरं जातात, कोयता खांद्यावर टाकून फडाकडे निघालेली बाई जाते. त्यांची रुंदी काही वाढलेली नाही. गाडी जितकी उंच, तितकं बॉनेटसमोरचं लहान मूल चालकाला कमी दिसतं. हा हिशेब शोरूममध्ये कुणी मांडत नाही.

वालचंद यांच्या नावाने आज सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सोलापुरात महाविद्यालयं आहेत, इंदापूर तालुक्यात अख्खं गाव आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन जसं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, तसंच त्यांचं आयुष्य दोन्ही मुलखांत वाटलं गेलं. त्यांनी रूळ टाकले, बोगदे खोदले, जहाज चालवलं, विमान कारखाना काढला. पण लोकांच्या घरापर्यंत पोचली ती त्यांच्या कंपनीची लहान गाडीच. त्यांनी स्वतः काढलेली पाच मीटरची गाडी नव्हे, तर त्यांच्यामागे आलेली चार मीटरच्या आतली. मोटार देशाची झाली ती देशाच्या मापाची झाल्यावर.

पुढच्या लग्नसराईत बारडोलीच्या गल्लीत दोन गाड्या पुन्हा समोरासमोर येतील. कुणीतरी उतरून हात दाखवील, आरसे मिटतील, एक गाडी मागे जाईल. मागे कुणी जायचं यावर थोडी बाचाबाची होईल, अर्धी गुजरातीत आणि अर्धी अहिराणीत. आणि रस्ता मोकळा होईपर्यंत दोन्हीकडची वऱ्हाडं खाली उतरून पायीच मांडवाकडे चालू लागलेली असतील.